ड्यूई, जॉन

(२० ऑक्टोबर १८५९ – १ जून १९५२). अमेरिकन तत्त्वज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि शिक्षणविचारवंत. चार्ल्स सँडर्स पर्स आणि विल्यम जेम्स यांच्यानंतर फलप्रामाण्यवादाला (कल्पनेचे सत्य तिच्या व्यावहारिक परिणामांवरून पारखावे, या मताला) व्यापक रूप देणारा तिसरा प्रमुख विचारवंत म्हणून तो ओळखला जातो. त्याच्या सुमारे पाच दशकांच्या अध्यापनकाळात विद्यापीठे बदलत गेली तसे त्याचे तत्त्वज्ञानही बदलत गेले. त्यामुळे त्याचे चरित्र आणि त्याचे विचार वेगवेगळे मांडणे अवघड जाते.

व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन येथे एका दुकानदाराच्या कुटुंबात त्याचा जन्म झाला. व्हरमाँट विद्यापीठातून १८७९ मध्ये पदवी घेतल्यावर त्याने पेनसिल्व्हेनियातील ऑइल सिटी येथे दोन वर्षे माध्यमिक शाळेत शिकवले. पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तो दाखल झाला. तेथे पर्स तर्कशास्त्र शिकवीत असे. परंतु तरुण ड्यूईवर प्रभाव पडला तो जर्मन तत्त्वज्ञ हेगेलचा अनुयायी असलेल्या जॉर्ज सिल्व्हेस्टर मॉरिस याचा, आणि पर्सचे महत्त्व त्याला बऱ्याच वर्षांनी उमगले. कांटच्या मानसशास्त्रावरील प्रबंधासाठी त्याला १८८४ मध्ये डॉक्टरेट मिळाली. हा प्रबंध आज उपलब्ध नाही.

त्याच वर्षी मॉरिसच्या पाठोपाठ तो मिशिगन विद्यापीठात गेला आणि मिनेसोटातील एक वर्ष वगळता १८९४ पर्यंत तेथेच राहिला. १८८६ मध्ये त्याने ॲलिस चिपमन हिच्याशी विवाह केला. सामाजिक प्रश्नांकडे त्याचे लक्ष वळवण्यात तिचा मोठा वाटा होता. या काळात हेगेलच्या चिद्वादापासून (अंतिम वास्तव चैतन्यरूप आहे, या मतापासून) तो हळूहळू दूर झाला. विरोधी वाटणाऱ्या गोष्टींमागील एकसंधतेचा शोध घेण्याची हेगेलची वृत्ती मात्र त्याच्यात अखेरपर्यंत टिकून राहिली.

शिकागो विद्यापीठात १८९४ मध्ये तो विभागप्रमुख झाला. तत्त्वज्ञान, मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र हे तिन्ही विषय या एकाच विभागात होते, आणि ही रचना त्याच्या विचारांना पोषक ठरली. १८९६ मधील प्रतिक्षेप चापावरील (उद्दीपकापासून शरीराच्या प्रतिसादापर्यंतच्या मज्जामार्गावरील) निबंधात, उद्दीपक आणि प्रतिसाद या दोन सुट्या घटना नसून एकाच कृतीचे परस्परावलंबी टप्पे असतात, असे त्याने दाखवले. त्याच वर्षी त्याने विद्यापीठाची प्रयोगशाळा ठरावी अशी प्राथमिक शाळा सुरू केली. स्वयंपाक, शिवण आणि सुतारकाम यांतून मुले तेथे गणित, रसायन आणि इतिहास यांकडे वळत. मुलांना मोकळे सोडावे, एवढाच ड्यूईच्या शिक्षणविचाराचा अर्थ घेणाऱ्यांनी या शाळेतील शिक्षकांना करावे लागणारे काटेकोर नियोजन पाहिलेले नसते. १९३८ च्या ‘एक्सपीरियन्स अँड एज्युकेशन’ या छोट्या पुस्तकात त्याने स्वतःच्या अशा अनुयायांनाही खडसावले. शाळेच्या व्यवस्थापनावरून आणि मुख्याध्यापिका असलेल्या ॲलिसच्या पदावरून विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्याशी मतभेद झाल्याने १९०४ मध्ये त्याने राजीनामा दिला.

त्यानंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तो १९३० पर्यंत प्राध्यापक आणि पुढे १९३९ पर्यंत गुणश्री (निवृत्तीनंतर सन्मानाने पद लाभलेला) प्राध्यापक होता. ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ (१९१६), ‘एक्सपीरियन्स अँड नेचर’ (१९२५), ‘द पब्लिक अँड इट्स प्रॉब्लेम्स’ (१९२७) हे ग्रंथ याच काळातील. विचार म्हणजे अडलेल्या परिस्थितीतून मार्ग काढण्याचे साधन, कल्पना म्हणजे कृतीने तपासायची गृहीतके, आणि ज्ञान म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याने टिपलेले चित्र नव्हे, अशी त्याची भूमिका आहे. लोकशाहीही त्याच्या मते केवळ शासनपद्धती नसून परस्परांशी जोडलेल्या, संवादातून वाटून घेतलेल्या अनुभवाची जीवनपद्धती आहे.

ही व्याख्या महाराष्ट्राच्या परिचयाची आहे. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांनी ड्यूईच्या वर्गांना हजेरी लावली होती. १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी लोकशाहीचे हेच वर्णन जवळपास त्याच शब्दांत केले, आणि ड्यूईचा उल्लेख आपण ज्यांचे फार ऋणी आहोत असे गुरू म्हणून केला. मात्र ही नुसती उचल नव्हती. समूहांमधील मोकळी देवाणघेवाण थांबली की समाज गोठतो, हे ड्यूईचे निरीक्षण आंबेडकरांनी जातिव्यवस्थेला लावले, तेव्हा त्याला गुरूच्या लेखनात नसलेली धार आली. ड्यूईने वंशभेदाविरुद्धच्या संघटनांना साथ दिली असली, तरी वर्णद्वेषाचे सखोल विश्लेषण त्याच्या ग्रंथांत फारसे आढळत नाही.

ड्यूई अभ्यासिकेत रमणारा प्राध्यापक नव्हता. अमेरिकी विद्यापीठीय प्राध्यापकांच्या संघटनेचा तो १९१५ मध्ये पहिला अध्यक्ष झाला. पहिल्या महायुद्धातील अमेरिकेच्या सहभागाला त्याने दिलेला पाठिंबा हा त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत वादग्रस्त निर्णय ठरला. रँडॉल्फ बोर्न या त्याच्याच विद्यार्थ्याने त्यावर कठोर टीका केली. १९१९ ते १९२१ या काळात तो चीनमध्ये व्याख्याने देत होता, आणि हू श्र या शिष्यामुळे त्याचे विचार तेथे दूरवर पोहोचले. १९३७ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्कीवर स्टालिनच्या राजवटीने ठेवलेल्या आरोपांची चौकशी करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद स्वीकारून तो मेक्सिकोला गेला. आयोगाने ट्रॉट्स्कीला निर्दोष ठरवले.

न्यूयॉर्क येथे त्याचे निधन झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर भाषा आणि तर्क यांच्या विश्लेषणावर भर देणाऱ्या विश्लेषणात्मक तत्त्वज्ञानाचा जोर वाढला आणि तत्त्वज्ञानाच्या विभागांत त्याचे वाचन मागे पडले. १९७० नंतर रिचर्ड रॉर्टीसारख्या विचारवंतांनी त्याला पुन्हा चर्चेत आणले. सदर्न इलिनॉय विद्यापीठाने प्रकाशित केलेले त्याचे समग्र लेखन ३७ खंडांचे आहे.