गाडी ‘गॅसवर’ आहे म्हणजे नेमकी कशावर?

पेट्रोलने शंभरी ओलांडल्यापासून आमच्या साताऱ्यात जुन्या गाडीची चौकशी एकाच प्रश्नाने सुरू होते: “गॅसवर आहे का?” समोरचा “हो” म्हणतो आणि दोघांचंही समाधान होतं. गोंधळ सुरू होतो तो इथेच. एक सीएनजीबद्दल बोलत असतो, दुसऱ्याच्या डोक्यात एलपीजी असतो.

आमच्या शेजारचे काका रोज कामाला कराडला जातात, गाडी सीएनजीची. एकदा पोवई नाक्यावर एका रिक्षावाल्याशी बोलताना त्यांना कळलं, की त्याचा गॅस आपल्यापेक्षा बराच स्वस्त आहे. घरी आले ते तणतणतच. “आपल्याला लुटतात हो!” लुटत कोणीच नव्हतं. रिक्षा एलपीजीवर होती. एलपीजी लिटरवर मिळतो, सीएनजी किलोवर. काकांनी लिटरचा भाव किलोशी ताडून पाहिला होता.

हा फरक समजला की निम्मं काम झालं. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. तो दाबून दाबून भरला तरी वायूच राहतो, म्हणून वजनावर विकतात. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन, आपल्या स्वयंपाकघरातल्या गॅसचाच भाऊ. थोड्या दाबाने तो पाण्यासारखा द्रव होतो, म्हणून तो लिटरने मोजता येतो. एक किलो सीएनजीत साधारण दीड लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते. एक लिटर एलपीजीत मात्र पाऊण लिटरच्या जरा वर. म्हणजे पेट्रोलवर १८ चं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी सीएनजीवर किलोला २६ च्या आसपास जाईल आणि एलपीजीवर लिटरला १४. “एलपीजी केल्यावर अ‍ॅव्हरेज पडलं” ही तक्रार खरी असते, पण त्यात गाडीचा दोष नसतो.

आता भाव. पेट्रोल १०५, सीएनजी ९०, एलपीजी ६५ असं हिशेबापुरतं धरू. तुम्ही तुमच्या पंपावरचे दर घाला. किलोमीटरला पेट्रोल पडतं ५ रुपये ८३ पैसे, एलपीजी ४ रुपये ६४ पैसे, सीएनजी ३ रुपये ४६ पैसे. कराड-सातारा जाऊन-येऊन शंभर किलोमीटर धरले तर सीएनजीवाल्याचे पेट्रोलच्या तुलनेत दिवसाला २३७ रुपये वाचतात, पंचवीस दिवसांचे ५,९२५. पेट्रोलची गाडी गॅसवर चालवायचं किट बसवायला पन्नास हजार लागले तरी साडेआठ महिन्यांत वसूल. तेच सांगली-मिरज करणाऱ्याचं रोजचं वीसेक किलोमीटर असेल तर वसुलीला साडेतीन वर्षं. शिवाय बाहेरून किट बसवलेली गाडी बहुधा पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन तापल्यावर गॅसवर येते. दहा किलोमीटरच्या फेरीत तेवढं पेट्रोलही जाणवतं. इतक्या कमी अंतराला मी तरी किट बसवणार नाही.

जागेचंही बघा. सीएनजी २०० बारच्या (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट) दाबाने भरतात, त्यामुळे सिलिंडर जाड आणि जड. डिकी जवळजवळ गेलीच. कागदावर ‘६० लिटर’ लिहिलेलं असतं, ते त्या सिलिंडरमध्ये किती पाणी मावेल त्याचं माप. गॅस मावतो नऊ-दहा किलो. (इथेही पुन्हा लिटर-किलोचा घोळ आहेच.) एलपीजीचा दाब याच्या कितीतरी पट कमी, म्हणून त्याची टाकी चपटी, गोल, स्टेपनीच्या जागेत बसणारी. तिच्यातला द्रव तापून फुगला तर जागा ठेवायची असते, म्हणून ती ८० टक्केच भरतात. पंपावर भांडू नका.

सीएनजीवाल्यांचं खरं दुखणं म्हणजे प्रेशर. पाइपलाइनवरच्या, ट्रकवरचे सिलिंडरही भरून देणाऱ्या पंपाला ‘मदर’ म्हणतात. जिथे पाइपलाइन नाही तिथे गॅस ट्रकवरच्या सिलिंडरमधून येतो, तो ‘डॉटर’ पंप. लागोपाठ गाड्या भरत गेल्या की तिथला दाब उतरतो आणि तुमच्या टाकीत गॅस कमीच जातो. भर उन्हातही कमी बसतो. म्हणून तासभर रांगेत उभं राहूनही “फुल्ल झाली नाही” असं होतं. ट्रक आल्या आल्या किंवा पहाटे जाणारे शहाणे. रोजच्या वाटेवर पंप नसेल तर वरच्या हिशेबात तेही धरा. गॅस भरायला म्हणून दहा किलोमीटर वाकडी वाट केली, तर वाचलेल्यातलं काही तिथेच जातं.

चढावर सीएनजी जरा मंदावते. गॅस इंजिनातल्या हवेची जागा खातो, त्यामुळे ताकद थोडी उतरते. शिरवळहून संध्याकाळी परत येताना चार माणसं बसवून खंबाटकी घाट चढलेल्याला हे सांगायला नको.

दुचाकीवाल्यांसाठी २०२४ च्या जुलैत बजाजची फ्रीडम १२५ आली: दोन किलो सीएनजी, दोन लिटर पेट्रोल.

गळती झाली तर दोन्ही गॅस उलटे वागतात. सीएनजी हवेपेक्षा हलका, वर उडून जातो. एलपीजी जड, खाली साचून राहतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये एलपीजीचा वास आला तर आधी बाहेर पडा, कुठलंही बटण दाबू नका. घरगुती लाल सिलिंडरमधून गाडीत गॅस भरून देणारे भेटतात. तो गुन्हा आहे आणि धोक्याचाही.

जुनी गाडी घेताना डिकी उघडा. लांबोडका जाड सिलिंडर असेल तर बहुधा सीएनजी; त्यावरच्या पट्टीवर चाचणीची तारीख बघा, ही चाचणी दर तीन वर्षांनी लागते. स्टेपनीच्या जागी चपटी टाकी असेल तर एलपीजी. आणि आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) इंधनाच्या रकान्यात नुसतं ‘पेट्रोल’ असेल, तर गॅसची नोंद करून देईपर्यंत विक्रेत्याला पैसे देऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी तो रकानाही बघते.