पाच सामने, दोन गोल आणि नशिबाचा हिशेब

मडगावच्या फातोर्डा मैदानावर १४ ऑक्टोबर २०२५ ला भारत सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकातून पात्रता फेरीतच बाहेर पडला. चौदाव्या मिनिटाला भारताच्या छांगतेने लांबून मारलेला गोल काय देखणा होता! त्यानंतर सिंगापूरच्या साँग उई-याँगने मध्यंतराच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन गोल केले आणि खेळ आटोपला. त्या रात्री मुंबईत फुटबॉलवाल्यांच्या प्रत्येक कट्ट्यावर दोनच सूर लागले होते. निम्मे म्हणत होते, "सगळे बदला, कोचपासून सुरुवात करा." उरलेले म्हणत होते, "नशीबच फुटकं, राव. एका गोलाने गेलं." हे दोन्ही सूर संख्याशास्त्राच्या चाळणीतून काढले तर काय उरतं, ते बघू.

फुटबॉलमध्ये गोल फार थोडे होतात. कतारच्या २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे दोन्ही संघांचे मिळून सामन्याला पावणेतीनही नाहीत. लालबाग-प्रभादेवीच्या कबड्डीत एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून साठ-सत्तर गुण सहज होतात. एखादी पकड पंचांच्या चुकीने गेली तरी पुढच्या चढायांत भरपाई होते आणि शेवटी सरस संघ बहुतेक वेळा पुढेच असतो. फुटबॉलमध्ये तशी भरपाई व्हायला सामना पुरत नाही. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या एली बेन-नाइम आणि सहकाऱ्यांनी अमेरिका आणि इंग्लंडमधल्या पाच लीगचे तीन लाखांहून जास्त सामने तपासले होते. कागदावर कच्च्या असलेल्या संघाने बाजी मारण्याचं प्रमाण त्यांना इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त आढळलं, सुमारे ४५ टक्के.

हे घरबसल्या करून बघता येतं. लुडोचे दोन फासे घ्या. ते एकदा टाकणं म्हणजे गोलवर मारलेला एक फटका. दोन्हींची बेरीज पाच आली तर गोल, नाहीतर चेंडू बाहेर. पाच येण्याची शक्यता छत्तीसात चार, म्हणजे नवात एक. हा आकडा मनाचा नाही. चार्ल्स रीप नावाच्या इंग्रज हवाईदल अधिकाऱ्याने १९५० पासून मैदानात बसून कागद-पेन्सिलीने शेकडो सामन्यांच्या नोंदी केल्या, आणि साधारण नऊ-दहा फटक्यांमागे एक गोल हे प्रमाण त्याच्या कागदांवर वर्षानुवर्षं तसंच राहिलं. (त्याच नोंदींवरून त्याने "पास कमी करा, चेंडू लांब पुढे भिरकावा" असा उफराटा निष्कर्ष काढला आणि इंग्लिश फुटबॉलचं बरंच नुकसान केलं, पण तो विषय वेगळा.) आता एका संघाला १४ वेळा फासे टाकू द्या, दुसऱ्याला ९ वेळा. पहिला संघ दीडपट सरस आहे. त्याने सामन्याला दीड गोल करावेत, दुसऱ्याने एक.

माझ्या भाच्याने हा खेळ दिवाळीच्या सुट्टीत सुरू केला आणि थोड्याच वेळात वैतागून फासे फेकले, कारण त्याचा दीडपट संघ लागोपाठ हरत होता. गणित मांडलं तर त्यात नवल काही नाही. असे शंभर सामने झाले तर सरस संघ साधारण ४९ जिंकतो, २६ बरोबरीत सुटतात आणि २५ तो चक्क हरतो. पाचातल्या एखाद्या सामन्यात त्याला गोलच करता येत नाही.

ही आकडेमोड ज्या सूत्राने होते ते फ्रेंच गणिती प्वासाँ याने १८३७ मध्ये मांडलं. क्वचित घडणाऱ्या आणि एकमेकींवर अवलंबून नसणाऱ्या घटना ठरावीक काळात किती वेळा घडतील, हे त्यातून कळतं. पुढे १८९८ मध्ये बोर्टकेविच या अभ्यासकाने प्रशियाच्या घोडदळात घोड्याची लाथ लागून दरवर्षी किती सैनिक मेले, याची नोंद त्या सूत्राशी ताडून पाहिली आणि ती बेमालूम जुळली. लाथेचं गणित फुटबॉलला लागू पडावं यात औचित्य आहे म्हणायचं. गोल काही अगदी लाथेइतके स्वतंत्र नसतात, एक गोल पडला की दोन्ही संघांचा खेळ बदलतो, पण ढोबळ हिशेबाला सूत्र पुरेसं आहे.

थोड्या गोलांचा खेळ एखाद्या देशाचं काय करतो हे बघायचं तर २०२२ चा जर्मनी घ्या. साखळीतल्या शेवटच्या रात्री जर्मनीने कोस्टा रिकाला ४-२ असं हरवलं आणि तरीही तो घरी गेला, कारण त्याच वेळी दुसऱ्या मैदानावर जपानने स्पेनला २-१ असं हरवलं होतं. जपानचा दुसरा गोल ज्या चेंडूवरून झाला तो मितोमाने गोलरेषेवरून मागे ओढला होता. बाजूने पाहिलं तर चेंडू बाहेर गेलेला दिसतो. पण नियम सांगतो की चेंडू पूर्णच्या पूर्ण रेषेपलीकडे गेला पाहिजे, आणि चेंडू गोल असल्यामुळे त्याचा पोटाचा फुगवटा वरून पाहिल्यास रेषेवर जेमतेम एक-दोन मिलिमीटर शिल्लक होता. तेवढा नसता तर सामना १-१ राहिला असता. जपान आणि जर्मनीचे प्रत्येकी चार गुण झाले असते आणि सरस गोलफरकावर जर्मनी पुढे गेला असता. बर्लिनमध्ये मग आठवडाभर "जर्मन फुटबॉलचं काय चुकलं" ही चर्चा झाली. चुकलं असेलही बरंच, पण ते त्या मिलिमीटरांतून कळत नाही.

मग किती सामने पाहिले म्हणजे कळेल? वरच्या दीड विरुद्ध एक गोलाच्या उदाहरणात दोन संघांतला फरक सरासरी अर्ध्या गोलाचा आहे. एकेका सामन्यातला चढउतार मात्र दीड गोलाहून जास्त आहे, त्यामुळे फरक गोंगाटात बुडून जातो. "हा संघ खरंच सरस आहे" असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणायला सुमारे ४० सामने लागतात. राष्ट्रीय संघ वर्षाला दहा-बारा सामने खेळतो. म्हणजे साडेतीन-चार वर्षं झाली, आणि तोवर निम्मा संघ बदललेला असतो.

याचा सगळ्यात गमतीदार पुरावाही जर्मनीचाच आहे. २००० च्या युरो स्पर्धेत हा संघ गटात तळाला राहिला, तीन सामन्यांत एक गुण. देश हादरला. प्रत्येक मोठ्या क्लबला मुलांची अकादमी सक्तीची झाली, गावोगाव प्रशिक्षण केंद्रं उघडली, आणि २०१४ च्या विश्वविजयाचं श्रेय याच सुधारणेला दिलं जातं. ते बरोबरही आहे. पण मधला एक टप्पा सगळे गाळतात. त्या नाचक्कीनंतर दोनच वर्षांनी, २००२ मध्ये, जर्मनी विश्वचषकाच्या अंतिम फेरीत होता. नव्या अकादमीतली मुलं तेव्हा शाळेत होती.

आता कोच बदलण्याचं. हॉलंडच्या लीगमधल्या जवळपास दोन दशकांच्या सामन्यांवर बास तेर वेल या अर्थशास्त्रज्ञाने एक अभ्यास केला होता. हारांची रांग लागली की क्लब प्रशिक्षकाला काढतात, आणि पुढच्या काही सामन्यांत निकाल सुधारतात. तोवर ठीक. पण त्याने असे क्लबही शोधले ज्यांची तशीच घसरण झाली आणि तरीही त्यांनी प्रशिक्षक ठेवला. त्यांचेही निकाल तितकेच सुधारले! घसरणीतला काही भाग दुर्दैवाचा असतो आणि दुर्दैव कायम टिकत नाही, म्हणून आकडे आपोआप सरासरीकडे परततात. श्रेय मात्र नव्या साहेबांच्या खात्यात जमा होतं.

आपल्याकडे जून २०२४ मध्ये राष्ट्रीय संघाचे कोच स्टिमॅच गेले, मग मानोलो मार्केझ आले, ते वर्षभरात गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील आले. खालिद मुंबईकरांच्या चांगल्या ओळखीचे. महिंद्र युनायटेडकडून खेळलेले, मुंबई एफसीचे अनेक वर्षं कोच, आणि आयझॉलसारख्या छोट्या संघाला २०१७ मध्ये आय-लीग जिंकून देणारे. आल्या आल्या त्यांच्या संघाने मध्य आशियातल्या काफा स्पर्धेत ओमानला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून तिसरा क्रमांक मिळवला आणि मंडळी हरखली. पुढच्याच महिन्यात सिंगापूर झालं. मला विचाराल तर त्या कांस्यपदकाने खालिद थोर ठरत नाहीत आणि फातोर्ड्याच्या रात्रीने नालायकही ठरत नाहीत.

म्हणजे सगळा नशिबाचाच खेळ? इथे मात्र दुसऱ्या सुराचीही पंचाईत होते. पात्रता फेरीतले भारताचे पहिले पाच निकाल असे: बांगलादेशशी ०-०, हाँगकाँगकडून ०-१, सिंगापूरशी १-१, सिंगापूरकडून १-२, बांगलादेशकडून ०-१. एकही हार एकापेक्षा जास्त गोलाने नाही. "थोडक्यात हुकलं" म्हणायला अगदी सोयीचं. पण भारताच्या गोलांचा उभा रकाना वाचा. पाच सामन्यांत दोन गोल. समजा आपला संघ सामन्याला सरासरी एक गोल करण्याच्या ताकदीचा आहे, तर पाच सामन्यांत दोन किंवा त्याहून कमी गोल होण्याची शक्यता प्वासाँच्या सूत्राने १२ टक्के येते. कमी आहे, पण अशक्य नाही. आता त्याला जानेवारी २०२४ चा आशियाई चषक जोडा. ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया, आणि तिन्ही सामन्यांत मिळून शून्य गोल. आठ सामन्यांत दोन गोल होण्याची शक्यता दीड टक्क्याच्याही खाली जाते. ऑस्ट्रेलियासारखा प्रतिस्पर्धी जड होता हे मान्य करून थोडी सूट दिली तरी नशिबावर एवढा बोजा टाकता येत नाही. एकेक सामना काही सांगत नव्हता. रकाना सांगतो.

गोल का होत नाहीत याचं उत्तर शोधायला आता गोलांपेक्षा चांगलं माप आहे. जुन्या हजारो फटक्यांच्या नोंदींवरून प्रत्येक नव्या फटक्याला गुण देतात: गोलपासूनचं अंतर, कोन, पायाने की डोक्याने, मध्ये किती बचावपटू. पेनल्टीला साधारण पाऊण गोल, तीस यार्डांवरून मारलेल्या फटक्याला दोन-तीन शतांश. या गुणांच्या बेरजेला अपेक्षित गोल म्हणतात. दोन्ही संघांचे मिळून गोल सामन्याला दोन-तीन, पण फटके पंचवीसेक असतात, त्यामुळे हे माप लवकर स्थिरावतं. संघ संधी निर्माण करून वाया घालवतोय की संधीच येत नाहीत, हे त्यातून कळतं. पहिली तक्रार बहुधा आपोआप सरते. दुसरी सरत नाही.

आणि आपलं दुखणं दुसऱ्या जातीचं आहे, असं माझं मत. आपल्या मोठ्या लीगमध्ये नऊ नंबरच्या, म्हणजे मुख्य आघाडीवीराच्या, जागेवर बहुतेक क्लब परदेशी खेळाडू लावत आले. गोलसमोर पाऊण सेकंदात निर्णय घेण्याचा सराव भारतीय पोरांना मिळतो कुठे? सुनील छेत्री जून २०२४ मध्ये ९४ गोल करून निवृत्त झाला आणि नऊ महिन्यांत, चाळिशीत, त्याला परत बोलवावं लागलं. मालदीवविरुद्ध त्याने पंचाण्णवावा गोलही मारला. फुटबॉलपटूचा बहर साधारण पंचवीस ते सत्तावीस वर्षांत असतो. त्या वयाचा दुसरा कोणी रांगेत नसणं हे कुठल्याही एका पराभवापेक्षा गंभीर आहे.

ही रांग बारा-तेरा वर्षांच्या वयात लागायला सुरुवात होते. आझाद मैदानावर शालेय सामन्यांच्या वेळी साइडलाइनला उभे राहा. "उंच आहे तो, स्टॉपरला टाक," "त्या बारक्याला बसव" हे पाच मिनिटांत कानावर पडेल. वयोगटाची कट-ऑफ १ जानेवारी असते. त्यामुळे एकाच संघात जानेवारीचा आणि डिसेंबरचा मुलगा असतो, आणि बाराव्या वर्षी अकरा महिने म्हणजे आयुष्याचा बारावा-तेरावा हिस्सा. त्यात वयात येण्याचं वेळापत्रक प्रत्येकाचं वेगळं, म्हणजे हाडांचं वय आणखी एक-दोन वर्षं इकडेतिकडे. युरोपातल्या अकादम्यांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्या मुलांची गर्दी असते, ती याचमुळे. मोठेपणी हा फायदा विरून जातो, पण तोवर डिसेंबरवाल्याने बूट टांगलेले असतात. उपाय साधा आहे: अधूनमधून मुलांना जन्मतारखेऐवजी शारीरिक वाढीनुसार गट करून खेळवायचं. इंग्लंडमध्ये हे करून पाहिलं आहे. आपल्याकडे जन्मदाखल्याची भानगड वेगळीच. सतरा वर्षांखालच्या स्पर्धांत फिफा २००९ पासून मनगटाचा एमआरआय काढते. रेडियस हाडाच्या टोकाची वाढीची पट्टी पूर्ण सांधली गेली असेल तर मुलगा सतराच्या आत असण्याची शक्यता जवळपास नसतेच.

मुंबईतल्या टर्फबद्दल, म्हणजे तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या कृत्रिम गवताच्या छोट्या मैदानांबद्दल, मात्र मी नाकं मुरडणाऱ्यांच्या बाजूने नाही. पाच-पाचच्या खेळात प्रत्येक पोराला अकरा-अकराच्या खेळापेक्षा कितीतरी जास्त वेळा चेंडू मिळतो आणि तो अंगावर माणूस असताना मिळतो. बेल्जियमनेही त्या २००० च्या युरोत घरच्या मैदानावर साखळीतच गारद झाल्यावर लहान मुलांचे सामने असेच छोटे केले होते. २०१८ च्या विश्वचषकात तो तिसरा आला. फक्त टर्फचं तासाचं भाडं परवडतं कोणाला, हा प्रश्न आहे. वांद्र्याच्या ज्या मैदानाला नेव्हिल डिसूझांचं नाव आहे, त्या नेव्हिलने १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली होती. तेव्हा चेंडू खेळायला तासाचे पैसे पडत नव्हते.

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस अहमदाबादला आपल्या सतरा वर्षांखालच्या संघाने इराणला २-१ असं हरवलं आणि त्याच वयोगटाच्या आशियाई चषकाची पात्रता मिळवली. ही मुलं २००९ किंवा त्यानंतर जन्मलेली, म्हणजे २०३४ च्या विश्वचषकाच्या वेळी पंचविशीच्या आसपास असतील. त्या विजयावर नाचायला माझी हरकत नाही, पण नियम तोच: तोही एकच सामना. यातल्या आघाडीवीरांना विसाव्या वर्षापर्यंत वरिष्ठ लीगमध्ये, तेही पुढच्या जागेवर, किती मिनिटं खेळायला मिळाली, हा आकडा दर हंगामाला कुणी तरी छापला पाहिजे.