मेकॉलेचं ‘ते’ भाषण झालंच नव्हतं

‘मी भारतभर फिरलो, एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर त्याची शिक्षणपद्धती बदला.’ २ फेब्रुवारी १८३५ रोजी कंपनी सरकारातला इंग्रज अधिकारी थॉमस मेकॉले ब्रिटिश संसदेत असं बोलला, हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. पण त्या दिवशी तो लंडनमध्ये नव्हताच, कलकत्त्यात होता.

त्या तारखेचं त्याचं शिक्षणविषयक टिपण मात्र अस्सल आहे. चांगल्या युरोपीय ग्रंथालयातलं एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या वाङ्मयाच्या तोडीचं, असं तो त्यात लिहितो. रक्तानं, रंगानं भारतीय, पण आवडीनिवडी, मतं, नीती आणि बुद्धीनं इंग्रज असा वर्ग त्याला घडवायचा होता. खरी चीड यायला हवी ती या तुच्छतेची. पुढे पाठवायचंच असेल, तर हे टिपण पाठवा.