ठासणीची बंदूक आणि रॉकेल

समज असा: ठासणीच्या बंदुकीचा (जिच्यात तोंडाकडून दारू ठासून भरतात) बार उडवल्यावर नळी रॉकेलने पुसली की गंज धरत नाही.

या बंदुकीच्या काळ्या दारूचा (स्फोटक पुडीचा) निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घनरूपातच उरतो, आणि त्यात पोटॅशचे क्षार बरेच असतात. हे क्षार हवेतली ओल ओढतात. कोकणातल्या पावसात तर रातोरात तांबूस थर दिसतो. रॉकेल (हल्ली मिळतं कुठे म्हणा!) तेलकटपणा काढतं, क्षार विरघळवत नाही. पडताळायचं तर चमचाभर मीठ रॉकेलात ढवळा. तसंच तळाशी राहील. किंवा रॉकेलने पुसलेल्या नळीत ओलं पांढरं फडकं फिरवा, काळं निघेल.

क्षार निघतात ते पाण्याने. आधी बंदूक रिकामी आहे ना, ते पाहा: गज (दारू ठासायची सळई) आत तळापर्यंत टेकवून नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करा, मग खूण तोंडाशीच ठेवून गज नळीच्या बाहेरून धरा आणि त्याचं टोक टोपीच्या (ठिणगी पाडणाऱ्या छोट्या टोपणाच्या) जागेपर्यंत पोचतं का पाहा. बराच अलीकडे राहिला तर आत बार (भरलेली दारू) आहे. नळी सुटत असेल तर सोडवा, लाकूड भिजवू नका. कढत पाणी ओता, फडकं स्वच्छ निघेपर्यंत गज फिरवा. टोपीखालचं बारीक भोकही धुवा. ओल तिथेच लपते. पूर्ण सुकल्यावर मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. खोबरेल नको, थंडीत गोठतं.