संगीत बंद झाल्यानंतरची दोन मिनिटं

इटलीतल्या पाव्हिया विद्यापीठातले डॉ. लुचियानो बर्नार्दी यांनी २४ तरुणांना सहा प्रकारचं संगीत ऐकवलं. निम्मे संगीत शिकलेले, निम्मे न शिकलेले. बीथोव्हन, विवाल्डी, टेक्नो, रॅप होतं, तसं आपलं रागसंगीतही होतं. ऐकत असताना प्रत्येकाचा श्वास, नाडी, रक्तदाब आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग मोजला जात होता. लय चढली की श्वास आणि नाडी चढायची. हे अपेक्षितच होतं. पण या संगीताच्या मध्येच कुठेतरी दोन मिनिटांची शांतता पेरलेली होती. त्या दोन मिनिटांत नाडी, रक्तदाब आणि श्वास तिन्ही उतरले, आणि नुसते उतरले नाहीत, तर प्रयोगाच्या सुरुवातीला, काहीही न ऐकता स्वस्थ असताना होते त्याच्याही खाली गेले. २००६ साली 'हार्ट' या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास आला.

ध्यानाला बसताना संगीत लावावं की नाही, यावर हिरिरीने वाद घालणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर लक्षात घ्यावा. स्वर आणि शांतता यांची कामं वेगळी आहेत, आणि एकाने दुसऱ्याची वाट मोकळी करून द्यायची असते, असं मला हे सगळं वाचून ठामपणे वाटतं.

स्वराचं पहिलं काम श्वासावर होतं. याच बर्नार्दींनी २००१ मध्ये २३ जणांकडून लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ आणि 'ॐ मणि पद्मे हुं' हा बौद्ध मंत्र म्हणवून घेतला. दोन्हींमध्ये श्वास मिनिटाला साधारण सहावर आला. एरवी आपण स्वस्थ बसलेलो असताना मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. सहा या आकड्याला महत्त्व अशासाठी, की रक्तदाबाची स्वतःचीही एक संथ लाट असते आणि ती जवळजवळ दर दहा सेकंदांनी येते. श्वास त्याच गतीला आला की दोन्ही लाटा एकमेकींना धरून चालतात, आणि मानेतल्या व छातीतल्या मोठ्या धमन्यांमधले दाब ओळखणारे संवेदक जास्त तत्परतेने हृदयाला आवर घालतात. दोन धर्म, दोन भाषा, पण माळ ओढण्याची गती एकच निघाली!

आता ऐकायचं काय? माझं उत्तर तानपुरा. त्याच्या घोडीची, म्हणजे ज्यावर तारा टेकतात त्या पट्टीची, वरची बाजू सपाट नसून अगदी किंचित उताराची असते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवतात. तो केसभर पुढे-मागे झाला तरी आवाज मिटतो किंवा उमलतो. नेमक्या जागी आला की तार एकदम गुणगुणायला लागते. हीच जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर निबंध लिहिला. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या बारीक स्वराचा, स्थिर (न हलणारा) बिंदू येतो तो उपस्वर ऐकूच येऊ नये, असा पाश्चात्त्य ध्वनिशास्त्रातला नियम होता. तानपुऱ्यात ते उपस्वर स्पष्ट ऐकू येतात, हे रामन यांनी दाखवलं आणि त्याचं कारण त्या वक्र घोडीत सापडलं. तार हलताना घोडीला सतत चाटून जाते, म्हणून एकाच छेडण्यातून स्वरांचा पुंजका उमटतो आणि काही सेकंद आतल्या आत रंग बदलत राहतो.

मन शांत करण्यासाठी हे इतकं सोयीचं का? आपला मेंदू पुढचा आवाज कोणता येणार याचा अंदाज सतत बांधत असतो. एकसारख्या आवाजांत अचानक वेगळा आवाज आला, की सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आतच मेंदूत एक ठरावीक विद्युत-लहर उमटते. आपलं लक्ष दुसरीकडे असलं तरीही. फिनलंडमधले रिस्टो न्यातानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ती नोंदवली. तानपुरा या पहारेकऱ्याला कामच देत नाही. चार तारा, तोच क्रम, तीच गती. तरीही उपस्वरांची हालचाल असल्यामुळे कान कंटाळून झोपी जात नाही.

शब्द असलेलं गाणं मात्र ध्यानाला टाळावं. भजन-अभंगांवर माझं प्रेम आहे, ते गाण्यातली तल्लीनता खरी आहे; पण ती स्वतः गाण्यातली आहे. नुसतं ऐकत बसलं की शब्द आपल्या मनातल्या बोलण्याच्या जागेत शिरतात. मागे गाणं चालू असताना आकडे लक्षात ठेवायला दिले, तर वाद्यसंगीतापेक्षा शब्दांचं गाणं जास्त अडथळा आणतं, हे १९८० च्या दशकातच दिसलं होतं. आवडतं, पाठ असलेलं गाणं तर आणखी चिवट. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधल्या संशोधकांनी ओळखीच्या गाण्यांमधले काही तुकडे गाळून ती ऐकवली, तेव्हा त्या रिकाम्या जागीही ऐकणाऱ्यांच्या मेंदूतला श्रवणाचा भाग कामात होता. गाणं बाहेर थांबलं, आत चालूच राहिलं.

मग सरळ शांततेतच का बसू नये? बसता येतं, पण सोपं नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या २०१४ च्या एका अभ्यासात लोकांना पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत नुसतं विचार करत बसायला सांगितलं. सोबत विजेचा सौम्य झटका देणारं बटण होतं. हा झटका टाळायला आम्ही पैसे मोजू, असं म्हणणाऱ्यांपैकीच १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ स्त्रियांतल्या ६ जणींनी तो स्वतःला देऊन घेतला. काही काम नसलं की मेंदूतलं एक जाळं जोरात चालू लागतं : काल कोण काय बोललं, उद्या काय होणार, मी कसा दिसलो. मार्कस राईकल यांनी २००१ मध्ये मेंदूच्या या विश्रांतीतल्या कामाकडे लक्ष वेधलं. दीर्घ सराव असलेल्या ध्यानींमध्ये या जाळ्याचे मुख्य भाग कमी सक्रिय असतात, असं येल विद्यापीठातल्या २०११ च्या अभ्यासात दिसलं. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात संगीत नाही, मंत्र नाही, बोलणंही नाही. पण तिथेसुद्धा पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहायला लावतात. मनाला टेकायला काहीतरी द्यावंच लागतं.

म्हणून नवशिक्याने आधी दहा मिनिटं तानपुरा लावावा, आवाज इतका कमी की पंख्याची घरघरही ऐकू यावी, आणि श्वास आपोआप लांबू द्यावा. मग तानपुरा बंद करून उठायचं नाही. तसंच बसून राहायचं, निदान दोन मिनिटं. बहुतेक जण नेमके इथेच उठतात, मोबाईल हातात घेतात आणि सगळ्यात मोलाचा भाग सोडून देतात. हळूहळू तानपुऱ्याची मिनिटं कमी करावीत आणि शांततेची वाढवावीत. मोफत अ‍ॅप वापरत असाल तर मध्ये जाहिरात येणार नाही याची खात्री करून घ्या, आणि तुकडा जिथे संपून पुन्हा सुरू होतो तिथे खटका बसतो का, तेही आधी ऐकून पाहा. मोबाईलच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज जवळजवळ ऐकू येत नाही. साधे हेडफोनसुद्धा बरे.

ज्यांच्या कानात सतत शिट्टी किंवा गुंजन वाजतं, त्यांना हा क्रम लागू करू नये. शांतता वाढली की त्यांचा त्रास जास्त जाणवतो. निरोगी माणसांनाही पूर्ण शांत खोलीत बसवलं तर काही ना काही ऐकू येतं. १९५३ मध्ये अशा ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर त्यांतल्या ९४ टक्के लोकांनी गुणगुण, शिट्टी असं काही ऐकल्याचं सांगितलं. कानात आवाज असलेल्यांनी तानपुरा शेवटपर्यंत मंद चालू ठेवावा आणि श्वास संथ होण्यावरच भर द्यावा.