'कामगाराला जवळ केलं की तो डोक्यावर बसतो', हे खरं का?

जळगावच्या चटई कारखान्यांपासून धुळ्याच्या तेलगिरण्यांपर्यंत एक समज वर्षानुवर्षं चालत आलाय: साहेबाचा धाक नसेल तर माल निघत नाही.

याला सणसणीत उत्तर कॅलिफोर्नियात मिळालं. फ्रीमॉन्टचा जनरल मोटर्सचा कारखाना दांड्या, भांडणं आणि खराब गाड्यांसाठी बदनाम होता. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत 'नुम्मी' नावाने पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतेक जुनेच, युनियनही तीच. बदलली ती वागवण्याची रीत. अडचण दिसली की कुणीही जोडणीच्या लाइनवरची इशाऱ्याची दोरी ओढायची, टीम लीडर मदतीला येणार, गरज पडली तर लाइन थांबणार. गैरहजेरी झपाट्याने घटली, दर्जा सुधारला.

म्हणजे शिस्त सोडली का? अजिबात नाही. तिथे प्रत्येक कामाची पद्धत सेकंदांच्या हिशेबाने बांधलेली होती.

आपल्याकडे चटईच्या मागावर प्लास्टिकची पट्टी सारखी तुटायला लागली, तर ते आधी ऑपरेटरला कळतं. पण 'तुझ्यामुळेच झालं' हे ऐकावं लागणार असेल तर तो कशाला तोंड उघडेल? पाळी बदलेपर्यंत चटया रिजेक्ट होत राहतात, आणि धाकाचा हा खर्च कुठल्याच वहीत लिहिला जात नाही.

हिवाळ्यात एकदा भरीत-पार्टी दिली की माणसं जपली, असंही नाही (भरीत मात्र जरूर द्या). पाळी सुरू होताना सुपरवायझरने मशीनपाशी जाऊन 'काल काय अडलं?' एवढं विचारावं, आणि सांगितलेलं दुरुस्त करून द्यावं.