पंचवीस ग्रॅममधले शून्य : अन्नप्रक्रिया कारखान्यांतील जिवाणू-नियंत्रणाची पार्श्वभूमी

अन्नप्रक्रिया कारखान्यांतील जिवाणू-नियंत्रणाचा इतिहास बहुधा उष्णतेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आधी डबाबंदी, मग दुधाचे पाश्चरीकरण आणि पुढे तापमान व वेळ यांची काटेकोर नोंद, असा तो क्रम असतो. आजच्या कारखान्याला ज्या प्रश्नाने जेरीस आणले आहे, तो मात्र भट्टीच्या पलीकडे सुरू होतो. शिजलेला पदार्थ बाहेर येतो तेव्हा त्यात रोगकारक जिवाणू जवळजवळ उरलेले नसतात. त्यानंतर तो थंड केला जातो, सोलला जातो, कापला जातो, पट्ट्यावरून वेष्टनाकडे जातो आणि या प्रवासात पुन्हा दूषित होतो.

याची ठळक जाणीव करून देणारी एक जुनी घटना १९६४ सालची आहे. स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन शहरात विषमज्वराची साथ येऊन ५०० हून अधिक लोक आजारी पडले आणि तिचा माग दक्षिण अमेरिकेतून आलेल्या डबाबंद खारवलेल्या मांसापर्यंत पोचला. उष्णतेच्या प्रक्रियेत खोट नव्हती. तापलेले डबे थंड करण्यासाठी नदीचे क्लोरीन न घातलेले पाणी वापरले गेले आणि डब्यातील एखाद्या बारीक छिद्रातून ते आत ओढले गेले, असा निष्कर्ष निघाला. पुढे विक्रीच्या ठिकाणी काप पाडणाऱ्या यंत्राच्या पात्याने तो संसर्ग इतर मांसालाही लावला. थंड करण्याचे पाणी आणि कापण्याचे पाते हे दोन्ही आरोपी नंतरच्या साठ वर्षांत पुनःपुन्हा समोर आले.

धोक्याचे विश्लेषण करून प्रक्रियेतील निर्णायक टप्पे ठरवायचे आणि त्यांवर सतत लक्ष ठेवायचे, ही पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेत अंतराळवीरांच्या अन्नासाठी आकाराला आली. १९७१ मध्ये ती जाहीरपणे मांडली गेली, १९७३ मध्ये कमी आम्लाच्या डबाबंद पदार्थांच्या नियमांत तिचे तत्त्व उतरले आणि १९९३ मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना मान्य झाल्या. या पद्धतीचे गुणगान भरपूर झाले आहे. तिची मर्यादा मात्र कमी बोलली जाते : निर्णायक टप्प्याला मोजता येणारी सीमा लागते. दूध ७२ अंश सेल्सियसला १५ सेकंद राहिले की नाही, हे मोजता येते. फरशीतल्या मोरीच्या जाळीखाली काय वाढते आहे, याला अशी सीमा नसते. त्यामुळे स्वच्छता, इमारतीची रचना आणि कामगारांची ये-जा या गोष्टी ‘पूर्वअटी’ म्हणून बाजूला ठेवल्या गेल्या आणि अनेक ठिकाणी त्या खरोखरच बाजूला पडल्या.

पूर्वअटींना मध्यभागी आणले ते लिस्टेरिया मोनोसायटोजीन्स या जिवाणूने. १९८१ मध्ये कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या प्रांतांत कोबीच्या कोशिंबिरीतून ४१ जणांना लागण झाली. मेंढ्यांचे खत घातलेल्या शेतातला तो कोबी शीतगृहात साठवलेला होता. १९८५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात मऊ चीजमधून १४२ जणांना लागण झाली आणि गर्भ व नवजात अर्भके धरून ४८ मृत्यू झाले. शीतगृह हा ज्या उद्योगाचा भरवसा होता, त्याच्यापुढे शून्य अंशाच्या आसपासही वाढणारा, मीठ सहन करणारा, ओलसर पृष्ठभागावर चिकट थर करून वर्षानुवर्षे राहणारा जिवाणू उभा ठाकला. त्यातच लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत कधीकधी दोन महिन्यांहून अधिक काळ जातो; तोवर तो पदार्थ कुठला होता, हे रुग्णाला आठवत नाही.

येथेच तो निर्णय झाला, ज्याच्याबद्दलचा वाद अजून मिटलेला नाही. अमेरिकेने थेट खाण्याजोग्या पदार्थांसाठी लिस्टेरियाबाबत ‘शून्य सहनशीलता’ स्वीकारली. १९८८ च्या अखेरीस टर्की पक्ष्याच्या मांसाचे सॉसेज खाऊन आजारी पडलेल्या एका कर्करुग्ण महिलेचा माग कारखान्यापर्यंत गेला आणि शिजलेल्या सॉसेजचे वेष्टन सोलणाऱ्या यंत्राजवळच्या पट्ट्यावर दूषण वाढत असल्याचे दिसले. १९८९ मध्ये मांसपदार्थांच्या बाबतीत धोरण कडक झाले. युरोपाने वेगळी वाट धरली. २००५ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २००६ पासून लागू झालेल्या तेथील नियमानुसार, टिकाऊपणाच्या मुदतीत दर ग्रॅमला १०० जिवाणूंची मर्यादा ओलांडली जाणार नाही, हे उत्पादक दाखवू शकत असेल तर पदार्थ चालतो. तसे दाखवता येत नसेल आणि पदार्थात जिवाणू वाढू शकत असतील, तर माल कारखान्याबाहेर पडण्यापूर्वी पंचवीस ग्रॅममध्ये तो आढळता कामा नये, अशी मूळ अट होती.

एका बाजूला शून्य आणि दुसऱ्या बाजूला शंभर, अशी ही मांडणी कानाला सोपी वाटते. पण ‘शून्य’ या शब्दाने फार गोंधळ माजवला आहे. प्रयोगशाळेतील शून्याचा अर्थ एवढाच की तपासलेल्या पंचवीस ग्रॅममध्ये जिवाणू सापडला नाही. समजा, शंभरातले एक पाकीट दूषित आहे. युरोपीय नियमाप्रमाणे पाच नमुने घेतले, तर ते दूषण सापडण्याची शक्यता पाच टक्क्यांहून किंचित कमी असते. साठ नमुने घेतले तरी ती सुमारे ४५ टक्केच भरते. म्हणजे साठ नमुने तपासले तरी दूषित माल सुटून जाण्याची शक्यता निम्म्याहून जास्तच राहते. दुसरीकडे, पंचवीस ग्रॅममध्ये एकच जिवाणू असेल तर दर ग्रॅमला शंभरावर जाण्यासाठी त्याला अकरा-बारा वेळा दुप्पट व्हावे लागते. थंड जागी दुप्पट होण्यास एक ते दोन दिवस लागतात असे धरले, तरी दोन-तीन आठवड्यांची मुदत त्याला पुरते. म्हणून शंभराची मर्यादा ही खरे तर एका क्षणीची संख्या नसून काळाबद्दलचे विधान आहे आणि शून्याची मर्यादा ही जिवाणूंपेक्षा नमुन्यांबद्दलचे विधान आहे. दोन्ही पक्ष बराच काळ एकमेकांशी दोन वेगळ्या भाषांत भांडत राहिले, असे म्हणण्यास हरकत नसावी.

कायद्याच्या शब्दानेही यात भर घातली. अमेरिकी कायद्यात असा जिवाणू सापडलेला माल ‘भेसळयुक्त’ ठरतो. मराठीत भेसळ म्हटले की कोणीतरी मुद्दाम मिसळल्याचा वास येतो. तेथे हेतूचा प्रश्नच नाही. तरीही कच्च्या मांसाला हा शब्द लावणे दीर्घकाळ टाळले गेले. मांस नीट शिजवायचे असते हे शिजवणाऱ्याला माहीत असते, या धर्तीचा न्यायालयीन निकाल १९७४ मध्ये आला होता. १९९३ च्या सुरुवातीस अर्धवट शिजलेल्या बर्गरमधून ७०० हून अधिक लोक आजारी पडून चार मुले दगावल्यानंतर, १९९४ मध्ये गोमांसाच्या खिम्यातील ई. कोलाय या जिवाणूचा एक प्रकार भेसळ ठरवला गेला. साल्मोनेला हा दुसरा रोगकारक जिवाणू मात्र त्या खिम्यात भेसळ ठरला नाही. ही विसंगती तर्काला पटणे अवघड आहे.

शून्याच्या नियमाचा सर्वांत मोठा परिणाम तपासणीच्या वृत्तीवर झाला आणि तो चांगला नव्हता. पदार्थाचा स्पर्श होतो त्या पृष्ठभागावर जिवाणू सापडला, तर त्या दिवसाचा सगळा माल संशयित ठरतो; मग तेथे शोधायचेच कशाला, असा हिशेब अनेक कारखान्यांनी केला. स्वॅब (पृष्ठभाग पुसून घ्यायचे नमुने) घेतले जात, पण नुकत्याच धुतलेल्या यंत्रावरून. खरा नमुना उत्पादन सुरू होऊन तीन-चार तासांनी घ्यावा लागतो. तोवर यंत्राच्या हादऱ्यांनी पट्ट्याच्या पोकळ रुळात, बोल्टच्या भोकात, पात्यामागच्या रबरी पट्टीखाली दडलेला ओलावा बाहेर झिरपलेला असतो. रूळ सोडवून आत ओला स्पंज फिरवला की तो राखाडी होऊन बाहेर येतो. बाहेरून तोच रूळ आरशासारखा चमकत असतो. सफाईची हौसही अंगाशी येते : मोरीत जोराचा पाण्याचा फवारा मारला की तिथला थर तुषार होऊन उडतो आणि माणसाच्या उंचीच्या पट्ट्यावर जाऊन बसतो. पीठ किंवा भुकटीच्या कारखान्यात तर पाणी हेच दूषण मानावे लागते, कारण कोरड्या धुळीत निपचित पडलेला साल्मोनेला ओलाव्याने वाढीला लागतो.

१९९८-९९ मध्ये अमेरिकेत सॉसेजमधून शंभराहून अधिक जणांना लागण झाली; तिचा आरंभ कारखान्यात छताजवळचे शीतकरण यंत्र बदलल्याच्या काळाशी जुळत होता. २००२ मध्ये तेथेच टर्कीच्या मांसाच्या कापांमुळे ५४ जण आजारी पडले, त्यांतले आठ मरण पावले आणि तीन गर्भ दगावले. रुग्णांतील जिवाणूच्या वाणाशी जुळणारे नमुने फरशीच्या मोऱ्यांतून मिळाले. सुमारे १२,४०० टन माल परत मागवावा लागला. २००३ च्या अमेरिकी नियमाने मग वाटाघाटीचा मार्ग काढला : वेष्टनानंतर पुन्हा मारक प्रक्रिया आणि वाढ रोखणारा घटक हे दोन्ही वापरणाऱ्यावर तपासणीचा भार कमी आणि केवळ सफाईवर विसंबणाऱ्यावर सर्वाधिक. शून्य कायम राहिले, पण शोधणाऱ्याला शिक्षा आणि न शोधणाऱ्याला सवलत, ही उलटी व्यवस्था थोडी सरळ झाली.

थोडीच. २००८ मध्ये कॅनडात मांसाच्या कापांतून ५७ जणांना लागण होऊन वीसहून अधिक मृत्यू झाले. जिवाणू काप पाडणाऱ्या यंत्रांच्या आत खोल, नेहमीच्या सफाईचा हात पोचत नाही अशा जागी होता. कारखान्याच्या स्वतःच्या स्वॅबांत आधीच्या महिन्यांत तो वारंवार आढळला होता. प्रत्येक वेळी तेवढी जागा धुऊन प्रकरण मिटवले गेले. निष्कर्ष एकत्र ठेवून कोणी पाहिले नाहीत आणि ते सरकारला कळवण्याचे बंधनही नव्हते. ते बंधन २००९ मध्ये आले. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये शिजवलेल्या सॉसेजसदृश मांसपदार्थामुळे हजाराहून अधिक लोकांना लागण झाली व २०० हून अधिक मृत्यू झाले, तेव्हा एकाच उत्पादन केंद्रातले नमुने जनुकीय वाचनाने, म्हणजे जिवाणूचा जनुकक्रम वाचून, जुळवता आले. अमेरिकेत रुग्णांतील प्रत्येक लिस्टेरियाचे असे वाचन २०१३ पासून सुरू झाले होते. त्यामुळे २०१५ मध्ये आइस्क्रीमच्या एका प्रकरणात २०१० पासूनचे विखुरलेले रुग्ण एका धाग्यात आले.

युरोपाने आपला नियम नोव्हेंबर २०२४ मध्ये बदलला असून अंमलबजावणीची तारीख १ जुलै २०२६ आहे. पंचवीस ग्रॅममधील अभावाची अट त्या तारखेपासून कारखान्याच्या दारापुरती न राहता विक्रीच्या संपूर्ण मुदतीला लागू होते. शंभराच्या मर्यादेचा लाभ ती पाळली जाईल असे दाखवून देणाऱ्यालाच मिळतो. त्यासाठी पदार्थात मुद्दाम जिवाणू सोडून, मुदत संपेपर्यंत त्यांची वाढ मोजणाऱ्या चाचण्या कराव्या लागतात आणि त्या चाचण्यांत ग्राहकाच्या घरचा फ्रिज चार अंशांवर धरायचा की आठ, यावरच बहुधा निकाल फिरतो.